पक्कं काय अन् अंदाज काय

गोळ्यांच्या खोक्यात एक पातळ, दहा घड्या घातलेला कागद असतो. मुंगीएवढ्या अक्षरांत त्या औषधाची सगळी कुंडली त्यावर छापलेली असते. दिग्रसला बस स्टँडच्या रस्त्यावर माझं औषधाचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली त्याला. एवढ्या वर्षांत तो कागद आपणहून मागून घेणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. आडे मॅडम.

"वहिनी, कागद द्या आधी. गोळ्या मंग."

असं म्हणून त्या काउंटरशेजारच्या स्टुलावर बसायच्या, पिशवीतून भिंग काढायच्या आणि कागद मांडीवर पसरून वाचायला लागायच्या. दुकानात गर्दी असली तरी त्यांना फरक पडायचा नाही. गर्दीलाही त्यांची सवय झाली होती. इंग्रजी शब्द अडला की वहीत उतरवून घ्यायच्या. मध्येच मान वर करून विचारायच्या, "इथं 'क्वचित' लिवलं हाये. क्वचित म्हंजे किती जणात एक?"

मला ठाऊक नसलं की मी म्हणायची, "बघून सांगते, मॅडम."

"येत नाई असं कबूल केलं. दोन मार्क वाढले तुमचे. आता सहा."

मार्क द्यायची त्यांना खोडच होती. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण मार्क काही निवृत्त झाले नाहीत. कंडक्टरला मार्क, चहावाल्याला मार्क, भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला तर चालू भाषणात मार्क. सगळे दहापैकी. दहा मात्र कोणालाच नव्हते. नवऱ्याला नऊ होते. एक कशाचा कापला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घोरतात."

मॅडमना आमवात होता. बावीस वर्षं. हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कलून गेलेली, वाऱ्यानं तुरीची अख्खी ओळ एका बाजूला झुकावी तशी. मनगटं जाड. खडू बोटांत धरता येईना तेव्हा तो अंगठा आणि तळवा यांच्या मध्ये दाबून त्या फळ्यावर लिहायच्या. अक्षर मोठं झालं, पण बिघडलं नाही. त्या एकदा हसत हसत सांगत होत्या की सहावीतली सगळी पोरं तसाच खडू धरून लिहायला शिकली होती, आणि साहेब तपासणीला आले तेव्हा एकेक पोरगं फळ्यापाशी येऊन मूठ वळून लिहायला लागलं. साहेबांना वाटलं ही काहीतरी नवी पद्धत आहे. त्यांनी शेऱ्यात तसं लिहूनही टाकलं.

आपल्या दुखण्याबद्दल त्या याच सुरात बोलायच्या. कण्हणं नाही, लपवणंही नाही. सकाळी उठलं की दीड तास हात उघडत नाहीत, म्हणून ऊन पाण्यात हात बुडवून रेडिओ ऐकत बसायच्या. तोवर आडे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, मागे बसून त्यांची वेणी घालायचे. भाऊजींनी जन्मभर शेती केली, बैलांसाठी दोऱ्या वळल्या. त्यामुळे मॅडमची वेणी टोकापर्यंत अशी घट्ट असायची की एक केस सुटायचा नाही. भाऊजी बोलायचे फार थोडं. मॅडमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल मी त्यांना एकदा विचारलं तर एवढंच म्हणाले, "तिले सगळं समजलं पायजे. समजलं का मंग दुखत नाई तिले."

ते काही खरं नव्हतं. दुखत होतंच. पण भाऊजींना काय म्हणायचं होतं ते पुढे माझ्या लक्षात आलं.

एका दुपारी मॅडम आल्या त्या स्टुलावर बसल्याच नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि तिच्याशेजारी रक्ताचा रिपोर्ट. नागपूरचे एक सांध्यांचे डॉक्टर महिन्यातून दोनदा यवतमाळला येत, डॉक्टर काळबांडे. मॅडम त्यांच्याकडे जाऊ लागल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. चिठ्ठीवर नेहमीच्या गोळ्या होत्या. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती मुख्य गोळी, तिच्या जोडीची जीवनसत्त्वाची गोळी, आणि खाली एक नवीन नाव.

"ही कायची हो वहिनी?"

"कोलेस्टेरॉल कमी करायची."

"अन् हे पाहा." त्यांनी कललेलं बोट रिपोर्टवर ठेवलं. "माझं कोलेस्टेरॉल बरोबर हाये. मंग कोण चुकलं? ते का तुमी?"

मी दोन्ही कागद पाहिले. कोलेस्टेरॉल खरोखरच बरोबर होतं. दुकानात त्या वेळी चार माणसं उभी होती, आणि मी घाईघाईनं म्हणून गेले, "दुसऱ्या कोणाची गोळी चुकून लिहिली असेल डॉक्टरांनी. नका घेऊ."

मॅडमनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हे तुमी वाचून सांगून राह्यल्या का मनानं?"

"मनानं," मी कबूल केलं.

"मंग थांबू. मनानं गोळी घ्याची नाई, अन् मनानं सोडाची बी नाई."

पुढच्या फेरीला मीही त्यांच्यासोबत यवतमाळला गेले. मला घाऊक औषधवाल्याकडे काम होतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे मी जे बोलून बसले होते ते मला आतून टोचत होतं. एसटीत मॅडमनी खिडकीची जागा पकडली आणि बस निघाल्यावर आपणहून सांगायला लागल्या. त्यांच्या मोठ्या बहिणीची गोष्ट.

बहिणीचं नाव झुमका. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर दोघी वाढल्या. मॅडम शिकल्या, झुमका शिकली नाही. तिलाही आमवात होता, मॅडमच्या आधी दहा वर्षं सुरू झालेला. तिनं कधी धड औषध घेतलं नाही. दुखलं की कोणीतरी देईल ती गोळी, नाहीतर पाल्याचा लेप. कापूस वेचायच्या दिवसांत ती बोटांना फडकी बांधून वेचायची. मग एका वर्षी तिचे पाय सुजायला लागले. चेहरा सुजला. सगळे म्हणाले, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. नागपूरला नेलं तोवर किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. तिथं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला.

"तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं मले सांगतलं," मॅडम म्हणाल्या, "का तिच्या किडनीत प्रथिन साचलं हाये. मी म्हणतलं, बापू, प्रथिन तर मी पोराईले शिकवतो. डाळीत असते, अंड्यात असते. चांगलं असते. ते कसं काय साचते? त्याले टाईम नोयता. 'आंटी, मग सांगतो,' म्हणून गेला तो. झुमका गेली, पण तो काही आला नाई सांगाले."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीन काढून झालेली शेतं मागे जात होती.

"मी विज्ञानाची मास्तरीण. माझी बहीण कायनं मेली हे मले सांगता येत नोयतं. याडी विचारे, तर मी म्हणो, किडनी. याडी म्हणे, हो, पण काहून?"

याडी म्हणजे आई. मॅडम घराबद्दल बोलायला लागल्या की त्यांच्या वऱ्हाडीत तांड्याची गोरबोली अशी हळूच यायची.

डॉक्टर काळबांडे उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे होते. मॅडमनी रिपोर्ट पुढे केला आणि विचारलं, "कोलेस्टेरॉल बरोबर असून ही गोळी कायले?"

डॉक्टर म्हणाले, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं. तिची दोन कारणं आहेत."

"मंग त्यातलं पक्कं काय अन् अंदाज काय, ते येगळं येगळं सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, पण ते खुर्चीत जरा मागे रेलले.

"पक्कं हे, की इतकी वर्षं आमवात असलेल्या माणसाच्या हृदयाला इतरांपेक्षा जास्त धोका असतो. कोलेस्टेरॉल बरोबर असलं तरी. तुमचं वय, तुमचं बीपी हे सगळं धरलं तर ही गोळी तुम्हाला योग्य आहे."

"अन् अंदाज?"

"आमवातात अंगात सतत एक दाह चालू असतो. तो वर्षानुवर्षं चालू राहिला की यकृत एक प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवत राहतं. ते रक्तात फिरतं. काही जणांत त्याची घडी चुकते. मग ते विरघळून जात नाही, त्याचे बारीक धागे होतात आणि ते धागे किडनीत, आतड्यात साचत जातात."

मॅडम हलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहणं टाळलं.

"ही गोळी कोलेस्टेरॉल कमी करते," डॉक्टर पुढे म्हणाले, "पण त्याखेरीज दाहही थोडा कमी करते असं दिसलंय. दाह कमी, तर ते प्रथिन कमी. प्रथिन कमी, तर साचणं टळेल. ही आशा आहे. सिद्ध झालेलं नाही. साचू नये म्हणून खरं काम करते ती तुमची आठवड्याची गोळी. ही तिच्या पाठीमागे चालणारी."

"अरुणावतीच्या धरणात गाळ बसते तसं," मी मध्येच बोलले. मला वाटलं मॅडमना सोपं जाईल.

"नाई वहिनी," मॅडम म्हणाल्या, "गाळ बाहेरून येते. हे तर आपल्याच घरात तयार होते." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारलं, "तिचे पाय सुजले तवा साचून झालतं का?"

"कोणाचे?"

मग त्यांनी झुमकाचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो. पाय सुजायच्या खूप आधीपासून ते साचत असणार. लघवीत प्रथिन जायला लागतं, ती पहिली खूण. म्हणून तर मी दर तीन महिन्यांनी तुमची लघवी तपासायला सांगतो."

मॅडम उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आठ."

डॉक्टरांना काही कळलं नाही. परतताना त्यांनी पुन्हा खिडकीची जागा धरली. आर्णी मागे पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता याडी असती तर सांगतलं असतं."

त्यानंतर ती गोळी त्या नियमानं घ्यायला लागल्या. रोज जेवणानंतर एक. पहिल्या महिन्यात मांड्या दुखायला लागल्या, कारण काहींना त्या गोळीनं स्नायू दुखतात. त्यांनी कागदात ते आधीच वाचून ठेवलं होतं. डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी मात्रा कमी केली, दुखणं थांबलं. "कागद वाचला नसता तर मी म्हणतलं असतं आमवात वाढला," असं त्या दुकानात बसलेल्या प्रत्येकाला महिनाभर सांगत होत्या.

आणि इथेच पुढची गडबड झाली. कारण मॅडम शिकवल्याशिवाय राहू शकत नव्हत्या.

झुमकाची मुलगी सविता. तिशी ओलांडलेली, दोन मुली, नवऱ्यासोबत त्याच तांड्यावर शेती करणारी. तिचीही बोटं सकाळी आखडायला लागली. मॅडमनी एक दिवस वाया घालवला नाही. तिला हाताला धरून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी विचारपूस केली. मुलं होऊ नयेत म्हणून सविताचं ऑपरेशन झालंय ना, हे आधी विचारून घेतलं, कारण या औषधांत पोटात बाळ असून चालत नाही. मग त्यांनी आठवड्याची मुख्य गोळी सुरू केली. तिचं कोलेस्टेरॉल मात्र खरंच वाढलेलं होतं, म्हणून ती छोटी गोळीही.

मॅडमनी तांड्यावर मुक्काम करून सविताला सगळं समजावलं. अंगणात बायका जमल्या. प्रथिनाची घडी कशी चुकते हे दाखवायला मॅडमनी ओढणीची घडी घातली, विसकटली, तिचे पीळ केले. ती छोटी गोळी कशी राखणदारासारखी उभी राहते, कोलेस्टेरॉलच्या नावाखाली येते आणि किडनी कशी सांभाळते, हे त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. बायका तोंडात बोट घालून ऐकत होत्या. हे सगळं मला मॅडमनीच सांगितलं, मोठ्या खुशीत.

पाच महिन्यांनी एका सकाळी दुकान उघडताना मॅडम पायरीवर बसलेल्या दिसल्या. वेणी घातलेली नव्हती. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सवितीचे पाय सुजले," त्या म्हणाल्या.

मी शटर अर्धं वर केलेलं तसंच सोडून त्यांच्याजवळ बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. आठवड्याच्या गोळीनं सविताला दोन दिवस मळमळायचं. कामाच्या दिवसांत ते परवडेना. मग तिनं विचार केला, मावशीनं तर सांगितलंय की किडनी सांभाळायचं काम ती छोटी गोळी करते. तिनं मुख्य गोळी सोडून दिली आणि छोटी मात्र एकही दिवस न चुकवता घेतली. चार महिने. सांधे भडकले, म्हणून किराणा दुकानातून दुखणं मारायच्या गोळ्या आणून रोज तीन-तीन खाल्ल्या. काल मॅडम तांड्यावर गेल्या तर पाय सुजलेले. तपासलं तर लघवीत प्रथिन.

"मी शिकवलं, वहिनी. म्या शिकवलं तिले हे."

"तुम्ही मुख्य गोळी सोड असं थोडंच सांगितलं?"

"सांगतलं नाई. पण मोठी गोष्ट दोन वाक्यात सांगतली, अन् अंदाजाची गोष्ट तासभर. काहून? कारण ती मजेदार होती. मलेच मजा येऊन राह्यली होती." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "दुसऱ्याईले विचारत फिरतो मी, पक्कं काय अन् अंदाज काय. अन् माझ्याच पोरीले सांगताना मी दोन्हीचा काला केला. शून्य. दहापैकी शून्य."

खोटी समजूत त्यांना चालली नसती. मी आत जाऊन चहा मांडला, त्यांना दिला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर त्या दिवशी नागपूरला होते. म्हणाले, "दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. आणि तिला इकडेच घेऊन या."

नागपूरला सविताच्या पोटावरून सुईनं थोडी चरबी काढली. त्या प्रथिनाचे धागे साचले असतील तर चरबीतही सापडतात, आणि किडनीला हात लावण्याआधी ही सोपी तपासणी करतात. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मॅडम सविताकडे तांड्यावर राहिल्या. तिच्या मुलींना शाळेत पाठवलं, भाकऱ्या थापता येत नव्हत्या म्हणून खिचड्या केल्या. मला रोज दुपारी फोन यायचा. बोलणं औषधाचं नसायचंच. धाकटीला पाढे येत नाहीत, शेजारणीची शेळी व्याली, असलं काहीतरी. मग फोन ठेवता ठेवता, "रिपोर्ट नाई आला अजून."

नवव्या दिवशी फोन आला. हातातलं गिऱ्हाईक थांबवून मी तो घेतला.

"मॅडम?"

"नाई सापडलं," त्या म्हणाल्या. "काईच साचलं नाई."

डॉक्टरांनी त्यांना नीट सांगितलं होतं. चरबीचा नमुना कधी कधी चुकवतो, म्हणून आनंदानं नाचू नका. पण डॉक्टरांना वाटत होतं की लघवीत प्रथिन जातंय ते दुखणं मारायच्या गोळ्यांमुळे. त्या बंद झाल्यात, मुख्य गोळी पुन्हा सुरू करू, मळमळीवर उपाय देऊ आणि थांबून पाहू. नाही उतरलं तर मग किडनीचा तुकडा काढावाच लागेल. महिन्यानं प्रथिन निम्मं झालं. तीन महिन्यांनी लघवी निर्मळ होती. पाय उतरले.

मॅडमनी त्यानंतर तांड्यावर पुन्हा वर्ग घेतला. यावेळी मी होते. सविताला दुकानातून औषध द्यायला गेले होते, म्हणून थांबले. तेच अंगण, त्याच बायका. पण मॅडम बाजेवर गप्प बसल्या होत्या आणि सविता उभी होती.

"सांग," मॅडम म्हणाल्या. "मोठी गोळी कवा?"

"बाजाराच्या दिशी. हप्त्यातून एकदाच. रोज घेतली तर माणूस मरू शकते."

"कायले घेतो?"

"आग इझवाले. सांध्यातली."

"अन् लहान?"

"रोज. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून."

"किडनी सांभाळते का ते?"

सविता थांबली. मावशीकडे पाहिलं. "सांभाळत असन. मालूम नाई."

"बस," मॅडम म्हणाल्या. "मोठी सोडून लहान घेतली तर?"

"माय झाली तशी होईन," सविता पटकन म्हणाली, आणि मग तिचंच तोंड उतरलं. मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या आणि मनगटानं तिचे डोळे पुसले. मग शेजारच्या एका म्हातारीनं मध्येच विचारलं की तिचे गुडघे दुखतात, तर तिनं यातली कोणती गोळी घ्यायची. "तू कोणतीच नाई!" मावशी आणि भाची एकदमच ओरडल्या, आणि अंगणभर हसू उसळलं.

आता हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. मॅडमची लघवी दर तीन महिन्यांनी तपासली जाते आणि दर वेळी निर्मळ येते. मध्यंतरी मी त्यांना म्हटलं, "म्हणजे त्या गोळीनं केलंच म्हणायचं काम."

"कोणाले मालूम?" त्या म्हणाल्या. "मोठ्या गोळीनं केलं असन. दोघींनी मिळून केलं असन. नाईतर माझ्या नशिबात ते साचणं नसनच. हे तपासाचं तर माझ्यासारखीच दुसरी एक मी पायजे, तेवढ्याच दुखण्याची, तेवढ्याच वर्षांची, फक्त ही गोळी न घेणारी. ती कुठून आणू?" आणि मग भिंग पिशवीत ठेवत त्या सहज म्हणाल्या, "मालूम नसलं तरी चालते, वहिनी. झोप चांगली येते मले."

मला वाटतं, इतकं निवांत "मालूम नाही" मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मॅडम आणि भाऊजी दिग्रसचं घर सोडून तांड्यावर राहायला गेले. सविताच्या शेजारीच दोन खोल्या बांधल्या. आता त्यांची औषधं फुलसावंगीहून येतात. तिथला दुकानदार तरुण आहे. त्याचा मला एकदा फोन आला होता. जरा वैतागून विचारत होता, "मॅडम, त्या आडे बाईंना खोक्यातला कागद कायले लागते हो?" मी त्याला म्हटलं, "दे. आणि तूही वाचत जा."

मागच्या श्रावणात त्यांनी मला तीजेला बोलावलं. तांड्यावर तीजेचे नऊ दिवस लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात, रोज गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी ते पोपटी अंकुर डोक्यावर घेऊन वाजतगाजत नाल्यावर शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, जातात. मी पोचले तेव्हा मिरवणुकीची तयारी चालली होती. मॅडमना मी आधी ओळखलंच नाही. जन्मभर सुती साडीत पाहिलेल्या मॅडम आरशांच्या टिकल्यांच्या फेटियात होत्या, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यात. "याडीचा हाये," त्या म्हणाल्या. "पेटीत होता. सवितीनं काढला."

"चालवेल का नाल्यापर्यंत?" मी विचारलं.

"जिथपर्यंत चालवते तिथपर्यंत जातो. मंग बसतो."

जेवण झालं होतं, मला परतीची एसटी गाठायची होती. मी रस्त्याच्या कडेला थांबले आणि मिरवणूक खालच्या अंगाला उतरायला लागली. पुढे डफडं, मग डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मुली, त्यांत सविताची थोरली. मागे बायकांचा घोळका, लाल, हिरवा, पिवळा, आणि उन्हात चमकणारे शेकडो आरसे. मॅडम त्यांच्या मधोमध चालत होत्या, सावकाश. कोणी त्यांच्यासाठी थांबत नव्हतं, पण सगळा घोळकाच त्यांच्या चालीनं चालत होता. गाण्याच्या ओळीत त्या शेजारणीला काहीतरी दुरुस्त करून सांगत असाव्यात, कारण शेजारीण मान हलवत होती.

उतार संपून सगळ्या पळसांच्या आड वळल्या. वळणावर एका बाईनं मागे वळून हात वर केला. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, आणि त्या रंगांत कोण कोणती ते कळणं शक्यच नव्हतं. मीही हात वर केला आणि एसटीचा हॉर्न वाजेपर्यंत तसाच धरून ठेवला.